रक्तपेढीला पहिला फोन कधी करायचा?

प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याशी ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा आहे. अपघाताचा रुग्ण आला की त्याला पुढे भरमसाट रक्त लागणार आहे की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखायची खात्रीची पद्धत कोणती? एबीसी हा रक्ताची गरज ओळखायचा स्कोअर त्यांनी वाचला आहे, पण त्यांच्याकडे रात्री सोनोग्राफी नसते, एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची वायू-तपासणी तर नाहीच. प्लाझ्मा-प्लेटलेट मिळणारी रक्तपेढी सव्वा तासावर आहे आणि स्वतःच्या स्टोरेज सेंटरमध्ये चार-पाच पिशव्या असतात.

खात्रीची पद्धत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही ती शोधत बसणार नाही. पण कामापुरता अंदाज नक्की बांधता येतो, आणि तुमच्याकडे जे आहे तेवढ्यावर बांधता येतो. मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं धुळे-जळगाव पट्ट्यात अपघाताच्या रुग्णांना भूल देते. तुमच्यासारख्यांनी रात्री पाठवलेला रुग्ण टेबलावर येतो तेव्हा त्याच्या उशाशी मी उभी असते. तिथून जे दिसतं ते लिहिते.

आधी 'भरमसाट' म्हणजे किती ते बघू. पुस्तकातली जुनी व्याख्या आहे २४ तासांत लाल पेशींच्या १० किंवा त्याहून जास्त पिशव्या. ही व्याख्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब लावायला बरी. रात्री दोनला स्ट्रेचरसमोर उभं असताना तिचा उपयोग नाही. शिवाय तिच्यात एक मोठी चूक आहे. दोन पिशव्या जाईपर्यंतच जो रुग्ण गेला, तो या व्याख्येत बसतच नाही, आणि खरं तर सगळ्यांत जास्त गरज त्यालाच होती. आपल्या भागात ही चूक आणखी मोठी होते. ज्या फ्रिजमध्ये चारच पिशव्या आहेत तिथे दहा कोणाला मिळणार? तुमचं रजिस्टर चाळा, 'मॅसिव्ह ट्रान्सफ्युजन' झालेला एकही माणूस सापडणार नाही. म्हणजे धडगाव-मोलगीकडच्या माणसांना रक्तच लागत नाही, असं म्हणायचं का? म्हणून मी नंतर आलेली व्याख्या मानते: एका तासात ३ पिशव्या. ज्याला पहिल्या तासात तीन लागतील असं वाटतं, तो माझ्या लेखी 'त्या' गटातला. पुढे त्याला सात लागल्या की सतरा, तो नंतरचा प्रश्न.

आणि हे रुग्ण थोडे असतात. मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्येसुद्धा आलेल्या शंभर जखमींमागे जेमतेम दोन-चार. म्हणूनच अंदाज अवघड. शहाण्णव जण आरडाओरडा करतात, आणि जो जाणार असतो तो बऱ्याचदा गप्प पडलेला असतो.

आता तुमचा एबीसी. २००९ साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तो मांडला. चार प्रश्न, प्रत्येकी एक गुण: जखम आत घुसलेली आहे का, वरचं बीपी ९० किंवा खाली आहे का, नाडी १२० किंवा वर आहे का, आणि फास्ट म्हणजे अपघातानंतरच्या झटपट सोनोग्राफीत पोटात किंवा हृदयाभोवती रक्त दिसतंय का. दोन किंवा जास्त गुण आले की रक्ताची मोठी तयारी करा. प्रयोगशाळा नको, वजन नको, गणित नको, म्हणून तो जगभर गाजला. त्यांच्याच पहिल्या अभ्यासात ज्यांना खरोखर भरपूर रक्त लागलं त्यांच्यापैकी ७५ टक्के या स्कोअरने पकडले, आणि ज्यांना लागलं नाही त्यांच्यातले ८६ टक्के बरोबर बाजूला काढले. वाईट नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की चारांतला एक निसटला, आणि तोही सगळी साधनं हाताशी असलेल्या ठिकाणी.

आपल्याकडे हा स्कोअर लंगडतो, आणि का लंगडतो हे समजून घेतलं तर तो वापरता येतो. अमेरिकेतल्या शहरात गोळीबार आणि चाकूचे रुग्ण भरपूर, म्हणून 'घुसलेली जखम' हा गुण तिथे मोलाचा. आपल्याकडे काय येतं? मोटारसायकलवर तिघे, घाटात उलटलेली काळीपिवळी, उसाची ट्रॉली अंगावर आलेला मजूर, सुरत-नागपूर रस्त्यावर उभ्या ट्रकला मागून धडकलेला. सगळा बोथट मार. घुसलेली जखम म्हणजे पोळ्याच्या आसपास बैलाने शिंगावर घेतलेला एखादा गडी, किंवा विहिरीचं काम चालू असताना सळईवर पडलेला. (बैलाचं शिंग ही घुसलेलीच जखम, गुण द्या. बाहेरून दोन इंचाचं भोक दिसतं आणि आत शिंग मांडीपासून थेट पोटापर्यंत फिरलेलं असतं.) म्हणजे आपल्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चारांतला एक गुण आधीच गेला. रात्री सोनोग्राफी नाही, दुसराही गेला. उरले बीपी आणि नाडी. दोनपैकी दोन मिळाले तरच घंटा वाजणार, आणि बीपी ९० च्या खाली यायची वाट बघत बसलात तर बराच उशीर झालेला असतो.

जर्मनीतला टॅश स्कोअर २००६ चा. त्यात हिमोग्लोबिन, बेस एक्सेस (रक्तातल्या आम्लतेचा आकडा), हाडांच्या मोडी, लिंग असं बरंच येतं आणि एकूण २८ गुण. अभ्यासू आहे, पण तुमच्या ड्युटी रूममध्ये त्याचा उपयोग नाही. लष्करी डॉक्टरांचा एक आहे, त्यालाही पीएच लागतो. पुढे जाऊ.

तुमच्यासाठी खरी कामाची गोष्ट १९६७ सालची आहे. आल्गोवर आणि बुरी या दोघांनी मांडलेला शॉक इंडेक्स: नाडीला वरच्या बीपीने भागा. निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ च्या दरम्यान येतं. ०.९ च्या पुढे गेलं की सावध व्हा, १ झालं की फोन उचला. भागाकारही नको. नाडीचा आकडा बीपीच्या आकड्याला शिवला का, एवढंच बघायचं. अलीकडे एबीसीमध्येच बदल करून जो रॅबट स्कोअर आला, त्यात बीपी आणि नाडी काढून त्यांच्या जागी शॉक इंडेक्स १ किंवा वर, आणि जोडीला कमरेच्या हाडाची म्हणजे पेल्व्हिसची मोड घेतली आहे. बोथट मार जास्त असलेल्या ठिकाणी मला हा जास्त पटतो. आपल्या रस्त्यांसाठीच केल्यासारखा वाटतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका रात्री काळीपिवळी उलटून सात जण आले. त्यात तिशीची एक बाई होती, बाजाराला निघालेली. बाहेर रक्ताचा थेंब नाही. बीपी ११०/८८, नाडी १२६. मी ११० बघितलं आणि शेजारच्या डोकं फुटलेल्या माणसाकडे वळले, कारण तो रक्ताने न्हालेला होता. डोक्याच्या कातडीची जखम होती ती, चार टाके घातले, सकाळी चहा पीत होता. बाईचं पेल्व्हिस तुटलेलं होतं. चाळीस मिनिटांनी तिने पाणी मागितलं, मग 'जीव घाबरतो' म्हणाली, आणि मग मशीनला बीपी सापडेना. रक्तपेढीला फोन तेव्हा गेला. पहिली पिशवी आली तेव्हा ती लावायला नस सापडत नव्हती. ती वाचली नाही. १२६ भागिले ११०, पहिल्या मिनिटाला कागदावर लिहिलेलं होतं. वरचं आणि खालचं बीपी एकमेकांच्या जवळ आलेलं होतं, तेही लिहिलेलं होतं. कागद माझ्याच अक्षरात होता.

त्या बीपीच्या दोन आकड्यांबद्दल अजून थोडं. रक्त जायला लागलं की शरीर बाहेरच्या रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे खालचा आकडा वर चढतो आणि वरचा बराच वेळ तग धरतो. तरुण माणूस एकूण रक्ताचा तिसरा हिस्सा जाईपर्यंत वरचं बीपी धरून ठेवू शकतो. सत्तर किलोच्या माणसात साधारण पाच लिटर रक्त, म्हणजे दीड लिटर गेल्यावरसुद्धा मॉनिटर ठीकठाक दिसू शकतो. वरच्या-खालच्यातला फरक २५-३० च्या आत आला की मला तो ९० च्या बीपीइतकाच वाईट वाटतो. आणि मशीनवर फार विसंबू नका. बीपी खरोखर पडलेलं असताना ऑटोमॅटिक कफ बऱ्याचदा जास्तीचा आकडा दाखवतो. मनगटाची नाडी बोटाला लागत नसेल आणि मशीन १०० म्हणत असेल, तर बोट खरं माना.

दुसरी परीक्षा तुमच्या हातात आहे ती सलाइनची. अर्धा ते एक लिटर कोमट आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) सोडा आणि बघत राहा. नाडी उतरली आणि तशीच राहिली, तर रक्तस्राव बहुतेक थांबलेला आहे. काहीच फरक पडला नाही, तर रक्त लागणारच, प्रश्न नाही. पण फसवणारा मधला गट: बीपी वर येतं, सगळ्यांना हायसं वाटतं, नातेवाइकांना 'आता बरं आहे' म्हणून सांगितलं जातं, आणि वीस मिनिटांनी पुन्हा खाली. हा माणूस आतून वाहतोय. रक्त त्यालाच लागणार आहे. अशा वेळी दुसरं, तिसरं, चौथं सलाइन चढवत बसणं हा आपल्याकडचा जुना रोग. त्याने रक्त पातळ होतं, थंड होतं आणि धरलेली गुठळी सुटते. म्हणून १०८ ॲम्ब्युलन्समधून रुग्ण उतरला की पहिला प्रश्न विचारा, वाटेत किती बाटल्या गेल्या? दोन लिटर घेऊन ११० बीपीवर आलेला रुग्ण आणि काहीच न घेता ११० वर आलेला रुग्ण, हे दोन वेगळे रुग्ण आहेत.

मग रक्त गेलं कुठे, ते शोधा. जायला जागा पाचच: छाती, पोट, पेल्व्हिस आणि त्यामागची पोकळी, मांड्या, आणि बाहेर रस्त्यावर. मांडीचं एक हाड मोडलं की लिटर-दीड लिटर त्या मांडीतच बसतं. दोन्ही मांड्या मोडलेला मोटारसायकलवाला स्कोअर न काढता 'त्या' गटात धरा. पेल्व्हिस दाबून, हलवून बघू नका. बघण्यात जमलेली गुठळी मोडते. संशय आला की चादर घडी करून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या उंचवट्यांवर घट्ट बांधा. कमरेवर नाही, कमरेच्या खाली. निम्मे रुग्ण चादर पोटावर बांधून येतात. छातीत नळी टाकल्याबरोबर दीड लिटर रक्त आलं, तर त्याला रक्तही लागणार आणि शस्त्रक्रियाही. आणि अपघाताच्या जागेबद्दल आणणाऱ्याला विचारा. 'रस्ता लाल झालता' म्हणणारा ट्रकचा क्लीनर कधी कधी आपल्या लॅबपेक्षा उपयोगी माहिती देतो.

सोनोग्राफीचं म्हणाल तर तुमची अडचण माहीत आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे मशीनची नोंदणी, जागा, वापरणारा डॉक्टर, सगळं बांधलेलं असतं. त्या कायद्याची गरज होती आणि आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याचा एक परिणाम असा की रेडिओलॉजिस्टच्या खोलीला कुलूप आणि कॅज्युअल्टीत मशीन नाही. वैद्यकीय अधीक्षकांकडे रीतसर नोंदणी आणि प्रशिक्षणाचा पाठपुरावा करा. तोवर एवढं लक्षात ठेवा की फास्ट असली तरी ती 'आहे' म्हणाली तरच उपयोगी. 'नाही' म्हणाली म्हणजे रक्त नाही असं नव्हे. पोटात पाव लिटरभर जमेपर्यंत ते सहसा दिसत नाही, आणि पेल्व्हिसच्या मागे जमलेलं तर दिसतच नाही.

हिमोग्लोबिनवर थोडं जास्त लिहिते, कारण खानदेशात त्याने सगळ्यांत जास्त घोळ होतो. ताज्या रक्तस्रावात पहिलं हिमोग्लोबिन जवळपास नेहमीसारखंच येतं. भांड्यातलं दूध सांडलं तर उरलेलं दूध पातळ होत नाही, कमी होतं. पातळ होतं ते नंतर आपण पाणी घातल्यावर. त्यामुळे १२ हिमोग्लोबिन बघून निर्धास्त होऊ नका. उलट बाजूही तितकीच खरी. अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपड्याच्या आदिवासी पाड्यांवरून आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ७ असेल, तर ते आज सांडल्यामुळे ७ आहे की गेली पाच वर्षं ७ च आहे? दोन्ही शक्य. परदेशातले स्कोअर ७ ला मोठे गुण देतात, कारण तिथे साधारण माणूस १३-१४ वर असतो. आपल्याकडे मी एका आकड्याऐवजी दोन आकडे बघते: आल्याबरोबर एक, अर्ध्या तासाने दुसरा. ७ चे ७ राहिले तर ते जुनं. ७ चे ५.५ झाले तर ते आजचं. पण लक्षात घ्या, जुनं ७ असलेल्या बाईकडे गमवायला शिल्लकच कमी आहे. तिला दहा पिशव्या लागणार नाहीत कदाचित, पण पहिली पिशवी इतरांपेक्षा लवकर लागेल.

सिकलसेलही (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) विचारा. भिल्ल, पावरा, कोकणी कुटुंबांत बऱ्याच जणांकडे तपासणीचं कार्ड असतं, ते कोणी आपणहून दाखवत नाही. सिकलसेलचा रुग्ण थंडी, आम्लता आणि कमी ऑक्सिजन, तिन्ही सहन करत नाही, आणि रक्तस्रावात तिन्ही एकदम येतात.

अंदाज फसवणारे इतर लोक थोडक्यात. म्हातारा माणूस बीपीसाठी नाडी धरून ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांवर असेल तर नाडी ८० च्या वर जाईलच असं नाही. त्याचं १२० बीपी त्याच्यासाठी कमी असू शकतं. गरोदर बाईत रक्त मुळातच दीडपटीच्या जवळ गेलेलं असतं, ती बरंच गमावेपर्यंत काही दाखवत नाही, आधी बाळाचे ठोके बिघडतात. शेतात राबणाऱ्या काटक गड्याची विश्रांतीची नाडी पन्नास-पंचावन्न असते, त्याचे ९५ म्हणजे तुमचे-माझे १३०. आणि मे महिन्यात, भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे असताना, दिवसभर उपाशी-तहानलेला माणूस नुसत्या उन्हाने १२० नाडी घेऊन येतो. तिथे सलाइनची परीक्षा कामी येते, तो एका लिटरमध्ये खाली येतो आणि खालीच राहतो.

'मग अनुभवी डॉक्टरला बघूनच कळत असेल ना?' असं विचाराल. मलाही तसंच वाटायचं. अमेरिकेतल्या दहा ट्रॉमा सेंटरच्या प्रॉम्ट अभ्यासात अनुभवी डॉक्टरांचा 'मला वाटतं याला लागेल' हा कौल तपासला गेला. ज्यांना खरोखर भरपूर रक्त लागलं, त्यांतले सुमारे दोन तृतीयांशच त्यांनी ओळखले. म्हणजे तिसरा माणूस त्यांच्याही नजरेतून निसटला. तेव्हापासून मी नजर आणि आकडा दोन्ही वापरते, आणि दोघांपैकी एकानेही 'हो' म्हटलं तरी पुरे मानते. नजरेला दिसतं ते असं: घाम फुटलेला, पांढरी ओठाची कड, गार गुडघे, उगाच उठून बसायला बघणं, पाणी मागणं. दारू प्यायला आहे म्हणून आरडतोय असं म्हणायच्या आधी गुडघ्याला हात लावा.

आता मूळ मुद्द्यावर येते. हा सगळा अंदाज कशासाठी बांधायचा? धुळ्यात मी चुकले तर रक्तपेढी त्याच आवारात आहे, पंधरा मिनिटांची चूक. तुम्ही चुकलात तर दीड-दोन तासांची. म्हणून तुमचा उंबरठा माझ्यापेक्षा खाली हवा. प्रॉपर नावाच्या २०१५ च्या मोठ्या चाचणीच्या आकड्यांवरून नंतर असं दिसलं की रक्ताची हाक दिल्यापासून पहिली पेटी येईपर्यंत उशीर झालेल्या दर मिनिटाला मृत्यूची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. तिथल्या रुग्णालयांत ही मिनिटं आठ-दहा होती. तुमची किती, ते तुम्हीच मोजा. तिथे दोन गुणांवर घंटा वाजते. तुमच्याकडे शॉक इंडेक्स १ आणि एक मोठी मोड, एवढ्यावर वाजली पाहिजे.

पण एकच मोठा फोन करण्यापेक्षा दोन फोन करा. पहिला फोन फक्त सावध करायचा: 'अमुक वयाचा पुरुष, कमरेला मार, शॉक इंडेक्स १.१, सव्वा तासात पोहोचेल, नमुना गाडीसोबत येतोय, प्लाझ्मा हाताशी ठेवा.' या फोनला काही खर्च नाही. कोणी पिशवी वाया घालवत नाही. पण प्लाझ्मा उणे ३० अंशांना गोठवलेला असतो, वितळायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि रात्रपाळीचा टेक्निशियन एकटा असतो. त्याला तयारीला वेळ मिळतो. दुसरा फोन सलाइनची परीक्षा झाल्यावर, 'वितळवा' किंवा 'राहू द्या'. हा मात्र विचार करून करा. वितळवलेला प्लाझ्मा २४ तासांत वापरावा लागतो, आणि उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद असताना तुम्ही अडवून ठेवलेली पिशवी कोणत्या तरी थॅलेसेमियाच्या पोराची असते. दहा सावध-फोनांपैकी सहा फुकट गेले तरी मला चालतं. दहापैकी सहा वितळवलेले प्लाझ्मा फुकट गेलेले चालत नाहीत.

नमुना मात्र पहिल्या सुईबरोबरच घ्या. दोन जाड व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायच्या सुया), करडा नाहीतर हिरवा. गुलाबी नको. सलाइन जोडायच्या आधी एक ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) आणि एक साधी नळी भरा, नाव नळीवरच लिहा. सात जण एकदम आले की नळ्यांची अदलाबदल होते, आणि चुकीच्या गटाचं रक्त हे रक्त न देण्यापेक्षा वाईट. क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवी रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघायला, पाऊण तास लागतो, नुसता गट पाच-दहा मिनिटांत कळतो. जीव जात असेल तर गट जुळलेली, क्रॉसमॅच न केलेली पिशवी लेखी सही करून द्यायला नियमाची आडकाठी नाही.

गटही माहीत नसेल तर ओ. आपल्याकडे निगेटिव्ह शंभरात पाचेकच असतात, त्यामुळे ओ निगेटिव्ह मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी राखून ठेवा. पुरुषाला ओ पॉझिटिव्ह द्या, बिनदिक्कत. एकच अपवाद, तो महाराष्ट्रात काम करणाऱ्याने विसरू नये: १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे गट. वरवरच्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्याला ओ रक्तही चालत नाही. देशात दहा हजारांत एखादा. दुर्मीळ आहे, पण नमुना आधी घेऊन ठेवायचं हेही एक कारण.

दोन फोनांच्या मधल्या वेळात थांबू नका. गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. मार लागून तीन तास व्हायच्या आत. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीमध्ये ४० देशांतले २० हजारांवर रुग्ण होते, भारतातलेही होते. त्यातून दिसलं की लवकर दिलेलं औषध जीव वाचवतं आणि तीन तासांनंतर दिलेलं उलटू शकतं. याला स्कोअर लागत नाही, संशय पुरतो. औषध स्वस्त आहे आणि तुमच्या प्रसूतिकक्षाच्या ट्रेमध्ये बहुधा आहेच. स्टोरेजमधली पिशवी लावायचीच असेल तर इथेच लावा, 'तिकडे गेल्यावर' नको, पण तिच्यासाठी गाडी थांबवूही नका. डोक्याला मार नसेल तर वरचं बीपी ८०-९० वर समाधान माना. डोक्याला मार असेल तर ११० हवं. तीन-चार पिशव्या गेल्या की कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश, कारण पिशवीतलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही.

आणि रुग्ण झाका. बाहेर ४५ असताना माझ्या टेबलावर ३५ च्या खाली गेलेले रुग्ण येतात, कारण ओले कपडे, गाडीतला एसी आणि फ्रिजजवळचं सलाइन. थंड रक्त गोठत नाही. लंडनच्या ब्रोही यांनी २००३ मध्ये दाखवलं की मोठा मार लागलेल्या चौघांतल्या एकाचं रक्त रुग्णालयात पोहोचतानाच नीट गोठत नसतं. सुई टोचलेल्या जागेतून झिरपत राहिलं तर ते हेच, आणि तो सगळ्या स्कोअरांच्या वरचा इशारा. साप चावलेल्यांसाठी तुम्ही काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून बघता ना? अपघातात मी त्यावर निर्णय घेत नाही, पण नळी उपडी केल्यावर रक्त वाहिलं तर दुसरा फोन करायला मला आणखी कारण लागत नाही.

शेवटी बाहेर ओट्यावर बसलेली माणसं. त्यांचा प्रश्न ठरलेला: 'डॉक्टरसाहेब, किती बाटल्या लागतीन?' मी आकडा सांगत नाही. चार म्हटलं की ते चार माणसं मोजतात आणि पाचव्याला घरी पाठवतात. मी सांगते, जेवढे धडधाकट असतील तेवढे रक्तपेढीवर जा, पण आधी दोन भाकरी खाऊन जा. रात्रभर उपाशी बसलेले आणि वाटेत घोटभर घेतलेले तिथून परत पाठवले जातात. त्यांचं रक्त या रुग्णाला आज चढणार नाही, हेही सांगते. एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही कावीळ, गुप्तरोग, मलेरिया, या तपासण्यांना वेळ लागतो. तुमच्या माणसाला जी पिशवी लागली, तिच्या जागी तुमची जाईल, एवढं सांगितलं की बहुतेकांना पटतं. नाही पटत त्यांच्याशी वाद घालायला तुमच्याकडे वेळ नसतो. सिस्टरना बोलू द्या, त्या अहिराणीत जास्त चांगलं समजावतात.